राहीनं लावलेली आग

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. तळा नावाच्या बाजारगावाच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात राही नावाची कुणबीण राहायची. नवरा सदू हिवतापानं गेला, तेव्हा तिच्या वाट्याला भाताची दोन खाचरं आणि उतारावरचं वरकस राहिलं. वरकस म्हणजे नाचणी-वरीपुरती मुरमाड जमीन. मरायच्या आधी सदूनं तिथं सागाची बी टोकली होती. त्यातली चारदोन रोपं काय ती वर आली, बाकीची बी गोट्यांसारखी मातीत पडून राहिली.

"सागाची बी म्हंजे दगुड," धाकटा दीर रावजी हसायचा. "दगुड पेरून झाड येतंय व्हय?"

मग एका शिमग्यानंतर वणवा आला. माथ्यावरून सरसरत उतरला, खालच्या अंगाला राहणाऱ्या रंगू नावाच्या बाईचा गोठा गाईसकट घेऊन गेला. जाता जाता राहीचं वरकसही काळं करून गेला. होती ती रोपं करपली. रावजी विचारपूस करायला आला आणि तिथंच म्हणाला, "वयनी, आता हितं काय उगवनार न्हाय. गुरांना मोकळं करू. समद्यांच्या कामी येईल."

"माजं हाय ते माज्या कामी येऊ दे," राही म्हणाली.

आषाढात ती नाचणी लावायला वर गेली, तर जागोजाग सागाची कोवळी, खरखरीत पानं. जुन्या मुळांचा फुटवा असेल, म्हणून तिनं एक रोप उपटलं. मुळाशी काळी पडलेली, तडकलेली बी चिकटलेली होती. सदूनं टोकलेली. ती तशीच चिखलात बसली. पुष्कळ वेळानं उठली आणि सगळा उतार फिरून आली. पातळ गवत जळालं होतं तिथं रोपं दाट होती. राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, रचलेला फांद्यांचा भारा पेटला होता तिथं मात्र बियांचा कोळसा झाला होता.

जाळ हवा, पण बेताचा, हे तिनं मनाशी धरलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं रानातून टोपल्या भरभरून बी वेचून आणली आणि वरकसाच्या मोकळ्या अंगाला पसरली. त्यावर वाळलं गवत अंथरलं. गावात बोभाटा झाला. गावकीनं तिला देवळापुढं बोलावलं.

"रंगूची गाय जळाली ती ईसरलीस?" गावकीतला जाणता चांगदेव कडाडला. "आन् आता तू आपल्या हातानं डोंगुर पेटवनार?"

"गाय म्या जाळली न्हाय, चांगदेवबाबा. राबाला तुमी दरसाल आग लावता, तवा गावकी बसती काय?"

"राब शेतात आसतो!"

"मग पेटवायच्या जागंभवती म्या गवत खरडून उघडा पट्टा काढते. तुमी घागरी घिऊन या. आग पट्ट्याभायेर गेली, तर वरकस गावाचं."

रावजीचे डोळे चमकले. गावकी कबूल झाली.

दगडगोट्यांच्या उतारावर राही एकटी कुदळ चालवत राहिली. हाताला फोड आले, फुटले. एके दिवशी रंगू काठी घेऊन येऊन बसली.

"मदतीला आलीस?"

"न्हाय. माजा तुज्यावर भरवसा न्हाय, म्हून आले."

"बस मग," राही म्हणाली आणि कुदळ उचलली.

वारा पडलेला बघून एका सकाळी तिनं वरच्या कडेनं काडी लावली. खाली गाव घागरी घेऊन उभं होतं. आग हळूहळू उतरू लागली. मध्येच झुळूक आली आणि एक लोळ पट्टा ओलांडायला झेपावला. राही धावली, पण तिच्या आधी रंगू पोचली. हिरव्या फांदीनं तिनं तो बडवून बडवून विझवला.

"गावासाठी इझवली," रंगू धापा टाकत म्हणाली. "तुज्यासाठी न्हाय."

त्या पावसाळ्यात सगळी बी काही रुजली नाही. गवत जाड पडलं होतं तिथं निम्म्याहून जास्त जागा उघडीच राहिली. उरलेल्या जागेत मात्र रोपंच रोपं. राहीनं काटेरी कुंपण घातलं. एका दुपारी ते मोडून रावजीचे बैल आत शिरले आणि रोपं तुडवली. राहीनं बैल पुढं घातले आणि थेट तळा गावच्या कोंडवाड्यात नेऊन दिले.

रावजी अंगणात येऊन ओरडला, "दिराची गुरं कोंडवाड्यात? जनाची न्हाय तर मनाची तरी ठेवायची!"

"बैलांना नातं कळत न्हाय, रावजी. तुला कळतं ना? मग बांधून ठेव."

त्यानंतर कितीतरी वर्षं रावजी तिच्याशी बोलला नाही. गणपतीतसुद्धा तिच्या दारावरून मान वळवून जायचा. राहीला ते लागायचं. पण कुंपण तिनं दरसाल नव्यानं घातलं.

एकोणीसशे साठ साल उलटलं तेव्हा उतारावर साग डोक्याच्या वर गेला होता. उरलेल्या जागेत राही अजून दर उन्हाळ्याला एकेक तुकडा जाळत होती. गवत आता मुठीनं मापून अंथरायची. गावकी दरसाल निरोप धाडायची आणि तीही दरसाल देवळापुढं जाऊन उभी राहायची.

"कवा लावनार त्ये सांगाया आले," म्हणायची, "इचाराया न्हाय."