मोठ्यानं सांगावं लागलेलं कारण

माझं लग्न झालं तेव्हा मी मॅट्रिक होते आणि ते श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात कारकून होते. कारखान्याच्या चाळीत आमच्या दोन खोल्या. माणूस भला. कधी आवाज चढवून बोलले नाहीत, मला वाचायला मासिकं आणायचे. पण रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला वाटायचं, मीच त्यांना आवडले नसेन. दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा एकदा जेवण झाल्यावर त्यांनीच सांगितलं, की दोष त्यांच्यात आहे. लग्नाआधीही ठाऊक होतं, पण आईच्या हट्टापुढे तोंड उघडता आलं नाही. मग मान खाली घालून म्हणाले, "तू इथं अडकून राहू नकोस."

मी जामखेडकडे माहेरी आले. आईला सांगितलं, आईनं वडिलांना. वडील बरेच दिवस माझ्या नजरेला नजर देईनात.

नगरच्या वकिलाकडे गेलो तेव्हा मला वाटत होतं, दोघांनी सह्या केल्या की सुटका होईल. वकील म्हणाले, कायद्यात तसं नाही; तेव्हा नव्हतंच. दोघांनी संगनमत केलंय असा नुसता संशय आला तरी अर्ज फेटाळला जातो. कारण दाखवावं लागतं. मी नांदत नाही म्हणून त्यांनी दावा लावला, तर आधी विभक्त राहण्याचा हुकूम, मग पुन्हा वर्षानुवर्षं थांबायचं. खरं कारण सांगितलं तर लग्नच रद्द होईल, तेही लवकर. मी म्हटलं, थांबेन, ठपका माझ्यावर आला तरी चालेल. वडील तयार होईनात. तेवढ्यात तिकडून त्यांच्या मामांबरोबर त्यांचा निरोप आला, की जे खरं आहे तेच लिहा, मी हरकत घेणार नाही.

सिव्हिल हॉस्पिटलात त्यांची तपासणी झाली. माझीही झाली. त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही.

साक्षीच्या दिवशी न्यायाधीशांनी खोली रिकामी करायला सांगितली. वडीलही उठून बाहेर गेले. तरी वकील, लेखनिक, दारापाशी पट्टेवाला, एवढी माणसं आत होतीच. आणि ते होते. मला जे विचारायचं ते विचारलं गेलं. मी पायांकडे बघत उत्तर दिलं. लेखनिकाला ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं सांगा," न्यायाधीश म्हणाले.

मी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी हसलं. दुसऱ्याच कशाला तरी हसलं असेल, पण माझे कान तापले. मग त्यांना विचारलं. शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून ते उभे होते.

"मान्य आहे."

"लग्नाआधी माहीत होतं?"

"हो."

"मग लग्न का केलंत?"

त्यांनी मागे बांधलेले हात सोडून पुन्हा बांधले. उत्तर मला ठाऊक होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं.

दुपारी एस.टी. स्टँडवर आम्ही जामखेडच्या गाडीची वाट बघत होतो. थोड्या अंतरावर ते एकटे उभे दिसले. वडिलांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पाव्हणं, च्या घ्या." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर ते जवळ आले होते. आम्ही तिघांनी उभ्यानंच चहा घेतला. चहा संपल्यावर वडिलांनी त्यांच्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला आणि स्वतः टपरीवर नेऊन दिला. जावयासाठी करावं तसं.

निकाल माझ्या बाजूनं लागला. मुलीला नाव ठेवायला जागा राहू नये म्हणून आईनं भावकीत कारण सांगून टाकलं. मग ते वाडीभर झालं. विहिरीवर बायका आधी हळहळायच्या, मग आवाज खाली आणून बारीकसारीक विचारायच्या आणि पदराआड हसायच्या. त्या माणसानं मला सोडवण्यासाठी जे कबूल केलं, त्याची तिथं टवाळी चालली होती. मी भरलेली घागर उचलून निघून यायचे.

पुढे मी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, नोकरी लागली, दुसरं लग्न झालं, मुलं झाली. घरी आलेल्या कारखान्याकडच्या एका नातेवाइकाकडून कळलं, की गोष्ट त्या चाळीतही पोचली होती आणि ते नोकरी सोडून कुठंतरी नाशिककडे गेले. सांगणारा हसत होता. मी त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि आत निघून गेले.