पाऊण कोयता

मनकर्णा चहाचा कप काठोकाठ भरायची. इतका, की उचलताना थोडा तरी बशीत सांडायचाच. वडवणीजवळच्या वस्तीवर रोज सकाळी चुलीपुढं बसून ती आधी सासूचा कप भरी, मग आपला. सासू तुळजाबाई रोज विचारी, "अगं, कपात प्यायचा का बशीत?" मनकर्णा कप तिच्याकडं सरकवी. एखादा पाहुणा "अर्धाच द्या" म्हणाला, तरी त्याच्यापुढं भरलेलाच कप यायचा.

ही सवय तिला लहानपणापासून नव्हती. आष्टीकडच्या माहेरी तिची शाळा अर्ध्यात सुटली होती, कारण आईबाप उसाला जायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला कुणीतरी लागायचं. ते तिनं मनाला लावून घेतलं नाही. वर्गातल्या कितीतरी पोरींचं तेच झालं होतं. मग सटवाशी लग्न झालं. तो ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळीत माणसं अशीच मोजतात. एका हंगामाला सटवा परतलाच नाही. कारखान्याच्या बाजूलाच दुसरा संसार मांडून बसला. तेव्हा टोळीचा मुकादम अंगद सहज, मनात काही वाकडं न ठेवता म्हणाला, "मनकर्णे, आता तू अर्धा कोयता."

शब्द जुनाच होता. तिनं स्वतः तो कितीदा दुसऱ्यांसाठी वापरला होता. पण त्या दिवशी घरी येऊन तिनं चहाचा कप पहिल्यांदा काठोकाठ भरला.

पुढचा हंगाम तिनं बिभीषणाच्या जोडीला काढला. दोन अर्धे, म्हणून एक. बिभीषण एकटा जीव, तंबाखू मळण्यात पटाईत. तो बांधावर टेकला की कोयता मनकर्णाच्या हातात यायचा. संक्रांतीपर्यंत ती तोडतही होती नि बांधतही होती, आणि नाव मात्र बिभीषणाच्या कोयत्याचं होत होतं.

म्हणून यंदा दसऱ्याच्या आधी, वडवणीच्या आठवडी बाजारात, ती सासूला घेऊन चहाच्या टपरीवर अंगदपुढं उभी राहिली.

"आवंदा मी आन आत्या. आमचा कोयता पुरा धरा."

अंगदनं बशी खाली ठेवली. "बायाबायांचा कोयता? ऐकलंय का कुणी?"

"मी सांगायले की. आता ऐकलं."

अंगदकडं माणूस हलवायच्या दोन युक्त्या होत्या, आणि आजवर त्यांच्यावर त्याचं उत्तम चाललं होतं. पहिली लालूच. "बिभीषणासंगंच ऱ्हा. संक्रातीला लुगडं घेतो. ऱ्हायला कोपी पाण्याच्या जवळ देतो."

मनकर्णानं नकाराची मान हलवली.

मग दुसरी, धाक. "न्हाई तर बस वस्तीवर. काय खातीस ते बघू."

तिनं पुन्हा मान हलवली. अंगद खरोखरच गोंधळला. "कावून असा हट्ट धरलास? तुला पायजे तरी काय?"

"अर्धं म्हणायचं न्हाई."

एका शब्दासाठी कुणी स्वतःच्याच पोटावर पाय देतं, हे त्याला उमजेना. आणि तुळजाबाईलाही उमजत नव्हतं. ती मागून सुनेचा पदर ओढत होती. "चल गं घरी. माझं वय हाय का आता फडात जायचं?"

तेवढ्यात बाकावरून बिभीषण शेजारच्याला कोपर मारत ओरडला, "मोजा की बे नीट! ही अर्धी, म्हातारी पाव. पाऊण कोयता झाला!"

टपरी हसून लोळली. तुळजाबाईनं पदर सोडला.

"कोण पाव रे? तुला नाकातला शेंबूड पुसता येत नव्हता तवा मी फडात मोळ्या वाहत होते. अंगद, धर आमचा कोयता. पुरा."

अंगदनं हसू आवरलं. "बरं. पहिल्या दिवसाची पात ऊस न्यायची गाडी यायच्या आत उरकली, तर पुरा. न्हाई उरकली, तर तू बिभीषणाकडं आन म्हातारी कोपीवर."

"चालतंय," मनकर्णा म्हणाली.

पात म्हणजे फडातली ज्याच्या त्याच्या वाटणीची उसाची पट्टी. पहिल्या दिवशी मनकर्णा तिच्यावर तुटून पडली. प्रत्येक उसात तिला बिभीषणाचं हसू दिसत होतं. मोळ्याही तिनं गड्यांच्या मोळ्यांहून जाड बांधल्या, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून. तुळजाबाईला त्या उचलेनात. एक मोळी डोक्यावरून निसटली, तिला बांधलेलं वाढं, उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, तुटलं नि ऊस पांगला. दुपारी मनकर्णाला एकाच उसाला दोन-दोन घाव घालावे लागले. शेजारच्या पाती पुढं सरकल्या होत्या.

"काय पाऊण, दम लागला का?" नव्या जोडीदारासंगं तोडणारा बिभीषण पलीकडून म्हणाला.

तिनं राग शोधला. तो संपला होता. सकाळी इतका होता, की हंगामभर पुरेल असं वाटलं होतं. कोयता हातात धरून ती तशीच उभी राहिली. अंगदची लालूच तिनं नाकारली, धाक नाकारला, आणि सकाळपासून बिभीषणाच्या हसण्यावर बैलासारखी धावत होती. गेल्या साली त्याच्या नावानं तोडला, आज त्याच्या डोळ्यांसाठी. ऊस अजून बिभीषणाचाच होता.

"आत्या," ती म्हणाली, "मोळ्या बारक्या बांधा. तुमाला उचलायला जमतील तेवढ्याच."

"लोक हसतील की."

"हसू द्या. त्यांच्या डोक्यावर न्हाईत द्यायच्या."

मग जरा निराळंच सुरू झालं. बुडाशी घाव, शेंड्याला घाव, ऊस मागं. मागं तुळजाबाईचा हात तयार. कुणी कुणाला घाई केली नाही. म्हातारी काहीतरी गुणगुणू लागली. सुनेनं तिला इतक्या वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

अंगद फेरी मारत आला. "ह्या मोळ्या हायत का पोरीच्या वेण्या?"

"मुकादम, कारखान्यात वजनाला काट्यावर मोळी चढती का गाडी?"

तो पुढच्या पातीकडं वळला. ऊन उतरलं. फडाच्या तोंडाशी ट्रॅक्टरचा आवाज आला, तेव्हा पातीच्या टोकाला उसाची दोन-तीन बेटं उभीच होती.

"गाडी आली!" बिभीषण ओरडला.

"आली न्हाई, वळायलीय," मनकर्णा मान वर न करता म्हणाली आणि तोडत राहिली. गाडी वळून उभी राहिली, तेव्हा तुळजाबाई शेवटच्या मोळीला गाठ मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदनं कोप्यांपुढं उभं राहून पाती नेमून दिल्या. एकेका कोयत्याचं नाव घेत तो पुढं सरकला. "मनकर्णा," म्हणाला आणि थांबला. सवयीचा 'अर्धा' ओठावर आला असावा. तो त्यानं गिळला नि पुढचं नाव घेतलं.

तिचं तिकडं लक्ष नव्हतं. ती चुलीपुढं बसून सासूचा कप भरत होती. काठोकाठ.

"आत्या, हळू उचला, सांडंल."