एक सूत आखूड

दौलत मिस्त्री माणसाला आधी नाव विचारत नसत, आकडा विचारत. आमची पहिली भेट सिंदीच्या जिनिंग फॅक्टरीच्या फाटकाबाहेर झाली. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. अर्धी वीट मातीतून ढकलत तोंडाने भुर्रर करत होतो. ते जेवायला घरी चालले होते. माझ्यापाशी थांबले आणि वाकून पाहू लागले.

"काय हाये बे हे?"

"मोटार."

"कोनाची?"

"शेठजीची." फॅक्टरीच्या मालकाला सारे शेठजी म्हणत. गावात मोटार तेवढी त्यांचीच.

"दरवाजे किती हायेत तिले?"

"दोन."

"रोज पाह्यतं अन् दोन सांगतं? जा, मोजून ये. मंग ढकल वीट."

मोजले तर चार. मला राग आला. माझा स्वभावच तसा, चूक निघाली की आधी राग येतो. दुसऱ्या दिवशी एका चाकाला किती नट आहेत ते मोजून मी त्यांच्या घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो, "पाच!" ते लाकूड तासत होते. मान वर न करता म्हणाले, "बस."

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरी नाही. तेव्हा हे लिहिणं कसं होईल सांगता येत नाही. पण त्या माणसाबद्दल लिहिणारा दुसरा कोणी उरला नाही, म्हणून लिहितो.

मिस्त्रींचं काम असं होतं. जिनाचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्राचा, एखादा दात, एखादं चाक मोडलं की ते त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करत. नमुना नागपूरला जाई, तिथे त्यावरून लोखंड ओतून नवा भाग येई. कापसाच्या दिवसांत त्यांना मान वर करायला वेळ नसे. पावसाळ्यात जिन बंद, मग ते मोकळे. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या पावसाळ्यात त्यांनी आम्हा सहा जणांना ओट्यावर बसवलं आणि सांगितलं की शेठजींची मोटार करायची, पण खरी.

"खरी म्हंजे?" शेवंताने विचारलं. शेवंता ही शिंप्याची पोरगी, आमच्यात एकटीच मुलगी, आणि हात सगळ्यांत साफ.

"खऱ्या मोटारीचा एक फूट, तं आपल्या मोटारीचा एक इंच. फुटाले इंच. दरवाजाले तेच, चाकाले तेच, दिव्यालेही तेच. अंदाजानं केलं ते खेळनं. मापानं केलं ते मोटार."

पहिले आठ दिवस त्यांनी लाकडाला हात लावू दिला नाही. नुसतं मोजणं. ड्रायव्हर आम्हाला शिव्या द्यायचा, आम्ही मोटारीखाली शिरून मोजायचो. दुसऱ्याचं माप घ्यायचं नाही, ज्याची मोटार त्याने मोजायची, असा कायदा होता. सहापैकी दोघे इथेच कंटाळून गेले. मिस्त्री म्हणाले, "बरं झालं. लाकूड वाचलं."

मग काम सुरू झालं. अंगाला सावरीचं लाकूड, कारण ते मऊ आणि कापायला सोपं. छपराला घासलेटच्या डब्याचा पत्रा. टायरसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. काळा रंग आम्ही घरी केला, चुलीची काजळी जवसाच्या तेलात घोटून. बोटांचा रंग आठ-आठ दिवस जात नसे आणि आई जेवताना ओरडायची. कोणी घाई केली, कोणी नजरेने काप टाकला, की मिस्त्री एकच वाक्य म्हणत, "डोया फसवते. पट्टी फसवत नाई." दिवसातून दहा वेळा म्हणत. शेवंता त्यांची नक्कल करायची, तेही पाठीमागे उभं राहून ऐकायचे.

त्यांच्या पट्ट्या दोन होत्या, दोन-दोन फुटी, शिसवाच्या, स्वतःच्या हाताने केलेल्या. एक ओट्यावरच्या लहान पेटीत असे, एक घरातल्या मोठ्या पेटीत. दिसायला सारख्याच.

पोळ्याला चार दिवस उरले तेव्हा चारही मोटारी तयार झाल्या. आमच्याकडे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून, ओढत तोरणाखाली नेतात. मिस्त्रींनी गावातल्या जाणत्यांना विचारून ठेवलं होतं की यंदा नंदींच्या मागून मोटारींची ओळ निघेल. मी साऱ्या आळीत सांगून बसलो होतो. घरचा नंदी धाकट्या भावाला देऊनही टाकला होता.

त्यांनी चारही मोटारी उंबरठ्यावर ओळीने लावल्या. जमिनीवर गाल टेकून एक डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं आणि माझ्या मोटारीवर बोट ठेवलं.

"हे मांगून आखूड हाये. एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.

"मी तीनदा मोजली," मी म्हणालो. "तेरा फूट सव्वादहा इंच. तिन्ही वेळा तेच आलं."

"तं तीनदा चुकला. बाकी तिघांची चौदा फूट भरली."

"त्यायनं एकमेकांचं पाह्यलं असन."

"आम्ही काऊन पाहू?" शेवंता उसळली. "तुहीच गाडी शेपूट तुटल्या कुत्र्यावानी दिसते!"

मला काय वाटलं कोण जाणे, मी मिस्त्रींनाच म्हणालो, "डोया फसवते असं तुमीच म्हन्ता ना, काकाजी? मंग आता डोयानं काऊन पाह्यता?"

मिस्त्री उठले, धोतर झटकलं. "मांगचा भाग काढून नवा लाव. दोन दिवसाचं काम हाये. नाई तं मोटार ओळीत लागनार नाई."

"नोको लागू," मी म्हणालो आणि मोटार उचलून घरी आलो.

चार दिवस मी तिकडे फिरकलो नाही. मोटारीलाही हात लावला नाही. जे बरोबर मोजलं ते मोडायचं कशाला? आई म्हणाली, भावाकडून नंदी परत घे. मी म्हणालो, नेईन तर मोटार नेईन. बाप म्हणाला, "मंग बस घरी." मी बसलो.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी वाजंत्री ऐकू येऊ लागली. मोटार मांडीवर घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. मिस्त्री आले. मागे तिघांच्या मोटारी, दोऱ्या बांधलेल्या.

"आन ते मोटार."

"आखूड हाये."

"हाये. आन."

"मी दुरुस्त नाई करनार."

"कोनं सांगतलं तुले दुरुस्त कर म्हून? आन लवकर, नंदी निंगाले."

त्यांनी माझी मोटार सर्वांत पुढे लावली. तोरणापाशी एक म्हातारा पाटावर बसला होता, त्याला खोडी काढल्याशिवाय राहवत नसे. "काहो दौलतजी, मोटारीचं शेन कोनं उचलाचं?"

"धूर सोडते थे. तुमी उचलजा."

लोक हसले. म्हातारा वाकून माझी मोटार पाहू लागला. "पन हे समोरची मांगून बसकी दिसते बावा. पोट्ट्यानं माप चुकवलं वाट्टे."

मिस्त्री साऱ्यांच्या देखत म्हणाले, "बरोबर हाये ते. पोट्ट्यानं बरोबर मोजली. पट्टी माही होती."

मला वाटलं, माझी कीव करून पांघरूण घालताहेत. मला आणखीच राग आला. मोटार तोरणाखालून नेली, बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारा खाऊ-पैसा, घेतला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आठ दिवसांनी गेलो, कारण गेल्याशिवाय राहवेना. त्यांनी पुढ्यात लाकूड टाकलं, म्हणाले, "मालगाडीचा डबा करू. टेसनावर जाऊन मोजून ये." मोठी पेटी उघडी होती. आतल्या पट्टीला एका टोकाशी लाल दोरा घट्ट गुंडाळलेला होता. मी विचारलं नाही. त्यानंतर मी तीन पावसाळे त्यांच्या ओट्यावर काढले, पण "पट्टी फसवत नाई" हे वाक्य पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

ते गेले तेव्हा मी त्याच फॅक्टरीत कामाला होतो. छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत संपलं. तेरावं झाल्यावर काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला बोलावून लाल दोऱ्याची पट्टी हाती दिली आणि त्या पोळ्याच्या आधीची गोष्ट सांगितली. मी रुसून गेलो त्याच दुपारी मिस्त्री स्वतः जाऊन मोटार मोजून आले. चौदा फूट. मग शेवंताला विचारलं, मी मोजायला पट्टी कोणती नेली होती. ती म्हणाली, लहान पेटीतली आमच्याजवळ होती, तो आतली घेऊन गेला.

आतली पट्टी नमुन्याची होती. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पट्टीच थोडी लांब करतात, फुटामागे एक सूत. अशा लांब पट्टीने मोजलं की मोटार कमी भरते, आणि लाकूड मी कापलं ते ओट्यावरच्या साध्या पट्टीने. हे त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादाने नमुन्याच्या पट्टीबद्दल कोणाला सांगू नको म्हटलं होतं. खूणही केली नव्हती, कारण त्यांच्या स्वतःच्या हाताला ती उचलताच कळायची.

"दोन्ही पट्ट्या भिंतीले उभ्या करून पाह्यत बसले," काकी म्हणाल्या. "म्या म्हटलं, जेवा ना, पोट्ट्याचं माप चुकलं तं चुकलं. तं म्हन्ते, माप नाई चुकलं. मंग माह्या लुगड्याचा दोरा मांगतला."

आता मी म्हातारा आहे. पावसाळ्यात आळीतली पोरं ओट्यावर येतात, मोटारी करतात. आता प्रत्येकाच्या दारात मोटार आहे, मोजायला लांब जावं लागत नाही. मी त्यांना आधी पट्टी दाखवतो, लाल दोरा दाखवतो, लोखंड आकसतं ते सांगतो, मगच मोजू देतो. दोरा कुजला म्हणून दोनदा बदलला.

माझी मोटार फळीवर आहे. दुरुस्त केलेली नाही. एखादं चलाख पोरगं एक डोळा मिटून पाहतं आणि म्हणतं, "आजोबा, हे मांगून आखूड हाये."

मी म्हणतो, "बरोबर हाये ते."