अर्बाबची फळी

आमच्या बँडकडे गाणी कमी आणि किस्से जास्त आहेत. दर कार्यक्रमात गाणी तीच असतात, किस्सा मात्र नवा घडतो.

बँड ब्रिटिश. म्हणजे ग्रॅहम ब्रिटिश, बाकी आम्ही सगळे आपल्याकडचे. ग्रॅहम मस्कतमध्ये दातांचा डॉक्टर आणि सुट्टीच्या दिवशी कॉर्नेटवाला, म्हणजे छोटा ट्रंपेट वाजवणारा. शंभर वर्षांपूर्वीचा जॅझ जसाच्या तसा वाजवायचा, हा त्याचा ध्यास आणि आता माझाही. मी क्लॅरिनेटवर, शिवाय एक बँजोवाला. ड्रमवर रत्नागिरीचे महमूदचाचा. मस्कतच्या रुवी भागात त्यांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. ते ग्रॅहमला ‘अर्बाब’ म्हणतात, म्हणजे मालक; सुरू करायचं असलं की ‘यल्ला’, म्हणजे चला. मला ‘इंजिनियर’ म्हणतात, आणि तेही कौतुकानं नव्हे.

ग्रॅहमनं बूट दोनदा आपटला की गाणं सुरू. गालिच्यावर आवाज होत नाही, म्हणून तो गाडीत लाकडी फळी घेऊनच फिरतो.

*

सोहारच्या हॉटेलात स्टेजवर माईक दिसला आणि माझं डोकं फिरलं. हे संगीत माईकशिवायच का वाजवायचं, यावर मी मॅनेजरला भाषण दिलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “सर, माईक तुमच्यासाठी नाही. कुणाची गाडी आडवी लागली तर सांगायला आहे.”

पहिल्याच गाण्यानंतर त्यानं नंबर पुकारला. गाडी माझी होती.

*

दुक्म बंदरातल्या कामगारांच्या कँटीनबाहेर ‘ब्रिटिश बँड’ असा बोर्ड होता. ग्रॅहम हात धुवायला गेलेला. चिपळूणच्या एका वेल्डरनं आम्हाला निरखून पाहिलं. “गोरे कुठायत?”

“मी लंडनचाच,” महमूदचाचा म्हणाले. “फक्त रत्नागिरीमार्गे आलो.”

*

ग्रॅहमची लय मला नेहमी संथ वाटायची. एकदा तालमीत तो चहा ओतत असताना फळीवर मीच पाय आपटला आणि सुसाट सुटलो. गाणं संपवून वळलो, तर चाचांनी काठ्यासुद्धा उचलल्या नव्हत्या.

“पोचलास, इंजिनियर?”

“आता परत ये,” ग्रॅहम म्हणाला, “आणि आम्हाला घेऊन जा.”

*

यंदा ग्रॅहम कायमचा मायदेशी निघाला. बँड चालणार की खलास, हे कुणी विचारत नव्हतं. त्याच्या बुटाशिवाय चाचा आजवर कधी सुरूच झाले नव्हते.

मस्कतमधल्या अल् खुवैरला त्याचा शेवटचा कार्यक्रम. शेवटचं गाणं उरलं, तेव्हा ग्रॅहमनं फळी पायानं माझ्या खुर्चीपुढे सरकवली आणि कॉर्नेट ओठांना लावून थांबला.

मी पाय उचलला, पण आपटला नाही. बँजोवाला तार जुळवत होता. त्याचं होऊ दिलं. मग चाचांकडे पाहिलं. काठ्या हवेत होत्या.

“यल्ला, अर्बाब,” चाचा म्हणाले.