फोटोतलं काळं विमान

“सायेब, रंग चुकलाय तुमचा,” आक्का म्हणाल्या.

मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला होता. त्यावर माझ्या साताऱ्याच्या वर्कशॉपमधलं विमान होतं. दोन मजली पंखांचं, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं. चार महिने खपून केलेलं मॉडेल, आणि उद्घाटन दहा दिवसांवर.

मी एअर फोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होतो. म्हणजे इंजिन सोडून विमानाचं बाकी सगळं अंग सांभाळणारा. रिटायर झाल्यावर जुन्या विमानांची मॉडेल्स करू लागलो. पाटणजवळच्या एका गावात माजी सैनिकांनी स्मृतिदालन बांधलं होतं. त्यांचे अध्यक्ष सुभेदारसाहेब एक जुना कृष्णधवल फोटो घेऊन आले. दुसऱ्या महायुद्धातलं ट्रेनिंगचं विमान, शेपटीशी उभा खाकीतला तरुण. तो फॅब्रिक वर्कर होता. विमानाचं कापड शिवायचं, ताणून बसवायचं, त्यावर डोप नावाचं रोगण चढवायचं, हे त्याचं काम. आक्का त्याची मुलगी. पंच्याऐंशीच्या पुढच्या. धरणात गाव गेल्यावर त्यांचं पुनर्वसन सांगलीच्या पूर्वेला, कोरड्या मुलखात झालं होतं. पाटीवर लिहायला वडिलांची माहिती घ्यायची म्हणून आम्ही दोघं तिथं गेलो होतो.

“आक्का, फोटो बघून रंगवलंय,” मी म्हणालो. “फोटोत गडद आहे. युद्धात वरून मातकट हिरवा रंग द्यायचे.”

“फोटूत काळं दिसतंय ते. इमान पिवळं व्हतं.”

“आक्का, तवा तू पाळण्यात व्हतीस की,” सुभेदार हसले.

“मी पाळण्यात व्हते. कापाड न्हवतं.”

त्या उठल्या. ट्रंकेतून एक घडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. कडक, चरचरणारं कापड. आतून विटकरी, वरून पिवळंधमक. मी नाकाशी नेलं. वास कधीच उडून गेला होता, पण मला तो आला. आमच्या हँगरमध्ये जुन्या लोकांच्या कोपऱ्यात डोपचा डबा उघडला, की पिकल्या केळ्यासारखा वास सुटायचा. तिथले चाचा म्हणायचे, कापड बोटांनी ओळखायला शीक. कितीतरी वर्षांनी बोटांना ते कापड लागलं होतं.

“आमच्या वडलांनी, आण्णांनी आनलं,” आक्का सांगू लागल्या. “इमान मोडीत काढलं तवा सायबाला इचारून. जुन्या गावात पाऊस म्हंजे लय. घरात ओल. आई ह्यात सात-बारा गुंडाळून ठेवायची. गाव सोडताना भांडी ऱ्हायली मागं, ह्ये घेतलं.”

मला मात्र शंका होती. अशा विमानांचं पोट पिवळंच ठेवायचे. हा तुकडा पोटाचा असेल तर माझा वरचा रंग बरोबर ठरत होता. मी घडी पूर्ण उलगडली. कडेला काळ्या रंगातला सातचा आकडा होता, वीतभर उंच. पंखाखालचे आकडे याहून खूप मोठे असायचे. वीतभर आकडा म्हणजे विमानाची कूस, धडाची बाजू.

मी सोबत आणलेल्या फोटोवर भिंग धरलं. शेपटीजवळ, तरुणाच्या खांद्यामागे, तोच सात होता. गडद पार्श्वभूमीवर काळा, म्हणून इतके दिवस नजरेतून सुटलेला. आणि मग जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. विमानावरच्या गोल खुणेतलं निळं कडं जवळजवळ पांढरं, आणि मधला लाल ठिपका काळाकुट्ट. जुन्या काही फिल्म्सवर लाल-पिवळा काळपट उमटायचा आणि निळा फिका. हे मला माहीत होतं. तरी खुणेचा रंग उडाला असेल असं धरून मी पुढं गेलो होतो.

“आक्का, तुमचंच बरोबर,” मी म्हणालो.

परतताना गाडीत सुभेदार म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की आता. कुनाला कळणार हाय?”

“आक्कांना कळलं की.”



रंगावर रंग चढवला असता तर कापड जड होऊन झोळ आला असता. म्हणून सगळं कापड सोललं. नवं सुती कापड ताणलं, आधी विटकरी डोप, मग पिवळा. बायकोनं शिवणीला हात दिला. आठव्या दिवशी विमान वाळलं.

उद्घाटनाला आक्का जीपनं आल्या. विमानाभोवती सावकाश एक फेरी मारली. मग मला जवळ बोलावलं.

“सायेब, आमचं आण्णा कवा ह्यात बसलं आसतील का वो? आईनं लय डाव इचारलं. नुसतं हसायचं.”

सुभेदारांनी मला कोपरानं डिवचलं. हो म्हणायला माझं काहीच जात नव्हतं. कापड शिवणाऱ्यांना कधीमधी चक्कर मारून आणत, असं ऐकलं होतं. पण या माणसाबद्दल कुठंही काही लिहिलेलं नव्हतं.

“मला माहीत नाही, आक्का,” मी म्हणालो.

आक्का पुढच्या सीटकडे बघत म्हणाल्या, “न्हाई तर न्हाई. आपलं इचारलं.” आणि पदरानं पंखावरची धूळ पुसू लागल्या. धूळ नव्हतीच.

तेव्हापासून प्रत्येक मॉडेलच्या पाटीवर मी खाली एक ओळ वाढवतो, यातलं काय काय मला माहीत नाही ते सांगणारी. गिऱ्हाइकांना ती आवडत नाही. मी काढत नाही.