इंजिनातून पडणारी धार

मी लिहावं असं माझ्याजवळ काही नाही. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. तेव्हा चुकलंमाकलं तर माफ करावं.

बाबांच्या होडीला मागे लावलेलं इंजिन माझ्याहून जुनं आहे. ते चालू असलं की बाजूने पाण्याची बारीक धार पडते. धार पडतेय तोवर इंजिनाला समुद्राचं पाणी मिळतंय, ते तापणार नाही. परवा ती मंदावली. इंजिनाचं इंग्रजी पुस्तक वाचून मी आतला पाणी ओढणारा रबरी पंखा बदलला.

"वाचलंस मां? मगे झाला!" बाबा हसले. "आता मिस्त्री कित्याक व्हयो? घरात शिकलेलो झील आसा."

काल सकाळी धार जोरात पडली आणि बाबा गेले. मग मी जुना पंखा धुतला. सहा पाकळ्यांतली एक नव्हती. तुटलेला तुकडा पाण्याच्या वाटेत असणार, आणि मी तो शोधलाच नव्हता.

फोन लागेना. किनाऱ्यावर बसून राहिलो. मला अर्धवट समजलेल्या गोष्टीवर पूर्ण भरवसा ठेवून माझा माणूस खोल पाण्यात गेला होता. शिकण्यात एवढी भीती असते हे वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. समुद्र शांत होता; त्याचीही धास्ती वाटत होती.

दुपारी शेजारचे तात्या लांबूनच ओरडत आले. "अरे, तुझ्या बापाशीचा इंजिन बंद पडला! दुसऱ्या होडीक बांधून हाडतत. माणूस बरो आसा. म्हणता, मिस्त्रीक बोलवू नकात, इंजिन माझो झीलच खोलतलो."