धाकट्या हाताचा मोजा

आमच्या यजमानांच्या आत्याबाईंच्या तावडीतून सुटलेला हात त्या काळच्या धुळ्यात शोधूनही सापडला नसता. माणसाचं नाव, गाव, चेहरा त्यांच्या कधी ध्यानात राहिला नाही. मनगट रुंद की अरुंद, हे मात्र त्या जन्मभर विसरत नसत. कुणा नर्सबाईकडून त्या विणकाम शिकल्या होत्या, तेही फक्त बिनबोटांचे हातमोजे. "बोटं झाकी टाकात तं काम कोन करी?" हे त्यांचं तत्त्वज्ञान. हात वाढतो म्हणून मोजा ऐसपैस हवा, हे दुसरं. त्यामुळे साठी उलटलेल्या दूधवाल्यालाही त्या वाढतं माप देत. लढाईपायी लोकर मिळेनाशी झाली तेव्हा यजमानांचा मफलर ऐन थंडीत नाहीसा झाला आणि काही दिवसांनी त्याच रंगाचे हात आमच्या दारात दुधाचं माप ओतताना दिसले.

त्याच हिवाळ्यात आमच्या माडीवर साक्रीकडच्या एक तरुण मास्तरीणबाई राहायला आल्या. लहानपणी त्यांचा डावा हात चुलीत भाजला होता. तो पुढे वाढलाच नाही, चिमुरड्या पोरीच्या हाताएवढा राहिला. बाई तो सदैव पदराआड ठेवत आणि आम्ही शहाणी माणसं तिकडे न पाहिल्यासारखं करत असू. आत्याबाईंनी पहिल्याच सकाळी तो पदराबाहेर ओढला. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"हाऊ धाकला शे," तळव्याभोवती दोरा गुंडाळत आत्याबाई म्हणाल्या, "दोन्ही मोजा येगयेगळा करना पडतीन."

बाईंनी हात मागे घेतला नाही.

उजवा मोजा चटकन झाला. डाव्याने मात्र आत्याबाईंची झोप उडवली. पहिला वर्गातच गळून पडला. दुसऱ्यात टाके कमी केले, पण अंगठ्याचं भोक नेहमीचंच ठेवलं, त्यातून आख्खा हात बाहेर आला. मग त्यांनी बाजारातून बाईंच्या तळव्याएवढं भरताचं वांगं निवडून आणलं आणि त्यावर मोजा बेतू लागल्या. वांग्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. यजमान नुसते त्याच्याकडे बघून भाकरी खात. वांगं दिवसेंदिवस सुकत गेलं, त्याच्याबरोबर मोजाही आखडत गेला, आणि शेवटी तो बाईंच्या बोटांवरच अडला.

"उसवा अक्का, राहू द्या आता," बाई म्हणाल्या.

"बठ तठे!" आत्याबाईंनी त्यांना अंगणातल्या उन्हात बसवलं, तो हात स्वतःच्या मांडीवर घेतला आणि त्याच्याभोवतीच विणायला सुरुवात केली. दुपारमागून दुपार बाई तशा बसत. एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा त्या आपणहून चुलीची गोष्ट सांगत होत्या आणि आत्याबाई "हलू नको" म्हणत डोळे पुसत होत्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाईंची जळगावला बदली झाली. ऊन चटकत होतं, तरी दोन्ही मोजे घालूनच त्या मोटारीपाशी आल्या आणि सगळ्यांदेखत दोन्ही हात जोडून त्यांनी आत्याबाईंना नमस्कार केला.

"आंगठाजोडे ढिलं राही गयं," डाव्या मोज्याच्या अंगठ्यापाशी चाचपत आत्याबाई पुटपुटल्या.

मोटार धुरळ्यात दिसेनाशी झाली. घरी येऊन ओट्यावर टेकल्यावर आत्याबाई हळूच म्हणाल्या, "जळगावले आपलाइतली थंडी पडस का वं?"

जळगावचा हिवाळा मी कधी पाहिला नव्हता. "पडते तर," मी म्हटलं.